उंचावरून बोलताना

साहित्याच्या वाचकांसमोर रेडिओच्या रिपीटरविषयी काही लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. नाशिकच्या एका महाविद्यालयात गेली वीसएक वर्षे मी मराठी शिकवते : भाषाविज्ञान, मध्ययुगीन गद्य, अधूनमधून अनुवादमीमांसा. तंत्रज्ञानावर अधिकारवाणीने बोलावे असे माझ्यापाशी काही नाही. पण माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात २०१७ च्या ऑगस्टमधल्या एका रविवारच्या पानावर दुपारी चार वाजून दहा मिनिटांची नोंद आहे : ‘अस्पष्ट. अर्धवट. …आहे.’ अक्षर माझे आहे. ही नोंद मी इतक्या वेळा वाचली आहे, की तिच्याविषयी लिहिल्यावाचून आता गत्यंतर नाही. आणि ती नीट समजावी म्हणून रिपीटर म्हणजे काय, आणि तो उंचावरून, विशेषतः विमानातून वापरला तर काय होते, हेही सांगणे भाग आहे. वाचकांनी एवढी सवड द्यावी.

आमचे बालपण ओझरला गेले. मिग विमानांचा कारखाना तेथे १९६४ साली उभा राहिला आणि पुढे काही वर्षांनी वडील त्यात नोकरीला लागले. विमान दिसण्याआधी नुसत्या आवाजावरून ते ओळखायचे, हा आम्हा पोरांचा खेळ होता. वडिलांचा खेळ संध्याकाळी सुरू होई. ते हौशी रेडिओवाले, म्हणजे रूढ शब्दांत ‘हॅम’ होते. केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळवलेला परवाना त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. जेवणाच्या मेजावर ते बोटांनी मोर्सची टकटक करत आणि आई वैतागे. या छंदाचा उपयोग काय, असे कोणी विचारले की ते फारसे बोलत नसत. पण १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला आणि २००१ साली भूजला, तेव्हा टेलिफोन बंद पडलेल्या गावांतून निरोप बाहेर काढण्याच्या कामी हीच हौशी माणसे उपयोगी पडली होती. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात छंदाखातर केंद्र चालवायला गेलेल्या भारती प्रसाद त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून निरोप पाठवत राहिल्या, तेव्हा वडिलांनी ती बातमी कापून ठेवली आणि मला म्हणाले, “आता तूही परीक्षा दे.” मी पुढे काही वर्षांनी दिली. त्यांनी मला शिकवलेला पहिला नियम असा होता : “बोलण्याआधी ऐक. ऐकून झालं की आणखी थोडं ऐक.” नियम मला पाठ होता. पाठ असणे आणि अंगी मुरणे यांतला फरक परीक्षेत कळत नाही.

आता रिपीटरविषयी. हातात मावणाऱ्या वायरलेस संचाची शक्ती जेमतेम पाच वॉट असते; जुन्या झिरोच्या बल्बलाही याहून अधिक वीज लागे. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संभाषण संपले. सह्याद्रीत तर दर अर्ध्या कोसावर डोंगर आडवा येतो. म्हणून एखाद्या उंच सोंडेवर रिपीटर ठेवतात. तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर, अधिक जोराने, पुन्हा बोलतो. आमच्या पट्ट्यात या दोन कंप्रतांमध्ये रूढीने सहाशे किलोहर्ट्झचे अंतर असते. एका दरीतला माणूस दुसऱ्या दरीतल्या माणसाशी बोलतो तो असा, डोंगराच्या खांद्यावरून. रिपीटरला स्वतःचे मत नाही, स्मरण नाही. शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी निदान ‘जी जी’ एवढी भर घालतो; रिपीटर तेवढीही घालत नाही. बोलणारा थांबल्यावर क्षणभर एक पोकळ सुस्कारा तेवढा ऐकू येतो. त्याला हॅम मंडळी रिपीटरची शेपटी म्हणतात. शेपटी ऐकू आली की आपले बोलणे वर पोचले, असे समजण्याची सवय सगळ्यांना लागलेली असते.

त्या रविवारी त्र्यंबकच्या डोंगररांगेत एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा शोध चालू होता. शनिवारी दुपारी मित्रांबरोबर उतरताना तो धुक्यात मागे राहिला आणि खाली पोचलाच नाही. डोंगराचे आणि मुलाचे नाव मी लिहीत नाही. त्याच्या घरच्यांनी पुष्कळ सोसले आहे. पहाटेपासून नाशिकचे गिर्यारोहक, गावातली माणसे, पोलीस आणि आम्ही चौघे रेडिओवाले तेथे जमलो होतो. हेलिकॉप्टर मिळते का, याची विचारणा झाली होती. पण ढग माथ्याच्या खाली उतरले होते आणि त्या ढगांत कोणी काही उडवले नसते. तेव्हा उंचावरून पाहण्याचे नाही, तर निदान उंचावरून ऐकण्याचे काम कोणीतरी करायला हवे होते. ते माझ्याकडे आले. मी पन्नाशीच्या अलीकडची, गुडघे कुरकुरणारी बाई. घळीत उतरण्याच्या कामाची नव्हते. पठाराच्या कडेला ताडपत्रीखाली संच, मोटारीची बॅटरी आणि वही घेऊन मी बसले. समोरच्या सोंडेवर आमचा फिरता रिपीटर ठेवला होता. आठ तुकड्या खाली गेल्या होत्या. सर्वांचे ऐकायचे, नोंदवायचे, निरोप इकडून तिकडे पोचवायचे, आणि कोणी केव्हा बोलायचे हे ठरवायचे. शिकवण्याच्या धंद्यातल्या माणसाला हे काम फार आवडते.

आठव्या तुकडीत माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याच भागातल्या पाड्यावरचा. बी. ए. ला माझ्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असे. प्रश्न विचारला तर उभा राहून इतक्या खालच्या आवाजात उत्तर देई, की मी “मोठ्याने, मोठ्याने” म्हणे आणि तो आवाज वाढवीपर्यंत पुढच्या मुलाकडे वळलेली असे. वडिलांना मात्र तो आवडे. परवान्याच्या परीक्षेची तयारी त्याने आमच्या घरी, वडिलांसमोर बसून केली होती. त्या दोघांचे काय बोलणे होई, कोण जाणे. मला तर बहुतेक वेळ दोघेही गप्प बसलेले दिसत.

दुपारी पावणेचारनंतर मी अंधाराच्या तयारीला लागले. कोणत्या तुकडीने केव्हा परतायचे, टॉर्च कोणाकडे किती, दोर कोठे ठेवले आहेत, चहा कोण वर आणणार. बटण दाबून मी एकेका वेळी मिनीट-दीड मिनीट बोलत होते. स्वच्छ, स्पष्ट, मुद्देसूद. चार वाजून दहा मिनिटांनी माझे वाक्य संपवून मी बटण सोडले, तो कानावर एक शब्द आला : “…आहे.” मग शेपटीचा सुस्कारा. मग शांतता. मी वहीत नोंद केली. ‘कोण बोलले, पुन्हा सांगा’ एवढे विचारायचे होते. पण त्याच क्षणी पायथ्याच्या माणसाने दोरांविषयी काही विचारले आणि मी उत्तर दिले, “मिळालं. आहात तिथंच थांबा. मी कळवते.” कोणाला उद्देशून बोलते आहे त्याचे नाव आधी घ्यायचे, हा दुसरा नियम. तो मी पाळला नाही.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी माझा विद्यार्थी पठारावर चढून आला. अंगावर रेनकोट नव्हता. धापा टाकत म्हणाला, “मॅडम, माणसं कुठंयत? मी कवाचा थांबलोय.”

त्याला मुलगा सापडला होता. पावणेचारच्या सुमारास तो तुकडीपासून थोडा खाली एका घळीत उतरला, तेव्हा. त्याने तीनदा निरोप दिला होता. तिसऱ्यांदा त्याने शेपटी ऐकली आणि पाठोपाठ माझा आवाज ऐकला : मिळालं, आहात तिथंच थांबा. तो थांबला. आपला रेनकोट मुलाच्या अंगावर घालून, त्याच्याशी बोलत, पावसात दीड तासाहून अधिक वेळ बसून राहिला. संचाची बॅटरी मावळत चालली होती, म्हणून पुन्हा बोलला नाही. शेवटी त्या मुलाला एकटे सोडून वर येण्याचा निर्णय त्याला घ्यावा लागला. तो निर्णय आपल्याला किती जड गेला, हे त्याने मला पुढे एकदाच सांगितले.

रात्री अडीच वाजता मुलाला स्ट्रेचरवरून खाली आणले. कंबर आणि मांडी मोडली होती. तो जगला. आज चालतो, थोडा लंगडतो. एक तास चाळीस मिनिटे आधी माणसे पोचली असती तर काय झाले असते, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. उत्तर मिळेल याची भीती होती.

तो तीनदा बोलला आणि मी एकच शब्द ऐकला, याचे कारण वडिलांच्या एका जुन्या मित्राने मला पुढच्या आठवड्यात कागदावर आकृती काढून समजावून दिले. आमचे संच एफएम पद्धतीचे असतात. एकाच वेळी दोन माणसे बोलू लागली, तर रिपीटर दोघांचे आवाज मिसळत नाही. ज्याची लहर जोरकस, त्याचा आवाज तो घेतो आणि दुसऱ्याचा पुसून टाकतो. अगदी स्वच्छ पुसतो. खरखर नाही, कुजबुज नाही. ऐकणाऱ्याला आणखी कोणी बोलत होते याची शंकाही येत नाही. मी उंचावर, रिपीटरच्या समोर, मोटारीच्या बॅटरीवर. तो घळीत, ओल्या हाताने धरलेल्या पाच वॉटांवर. पहिल्या दोन वेळी तो पूर्णपणे माझ्याखाली गेला. तिसऱ्या वेळी मी त्याच्याआधी थांबले, म्हणून त्याच्या वाक्याचे शेपूट तेवढे निसटून वर आले. वाक्य होते : “पोरगा घावलाय, घळीत खाली, जिवंत आहे.” मराठीत क्रियापद शेवटी येते, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाला शिकवते. त्या दिवशी मला क्रियापद मिळाले आणि मी कर्ता विचारला नाही.

विमानांचे वैमानिक नियंत्रणकक्षाशी बोलतात ती पद्धत वेगळी, एएम. तीत दोन आवाज एकमेकांवर आदळले तर दुर्बळ आवाज पुसला जात नाही. दोहोंच्या संघर्षातून एक कर्कश शिटी उमटते. काय म्हटले ते कळत नाही, पण आणखी कोणी काही म्हटले एवढे तरी कळते. एवढे कळून भागतेच असे नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुके होते. धावपट्टीच्या एका टोकाला एक जंबो विमान उड्डाणाच्या तयारीत होते आणि त्याच धावपट्टीवर दुसरे अजून सरकत होते. ‘थांबा’ हा नियंत्रणकक्षाचा निरोप आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे दुसऱ्या विमानाचे सांगणे एकाच वेळी निघाले. पहिल्या विमानात शिटी ऐकू आली. ती शिटी कसली, हे कोणी थांबून विचारले नाही. ५८३ माणसे गेली. तेव्हापासून दोन्ही पद्धतींचा विचार करताना माझे मन एकाच ठिकाणी येऊन थांबते. यंत्र शिटी वाजवो की शब्द पुसो, ‘पुन्हा सांगा’ हे माणसालाच म्हणावे लागते.

२०१९ च्या दिवाळीत अमेरिकेहून माझा भाचा आला होता. तो तिकडे सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये स्वयंसेवक आहे. १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या सहा दिवस आधी स्थापन झालेली ही संस्था आज तिथल्या हवाई दलाची पूरक शाखा आहे, आणि हरवलेली विमाने व माणसे शोधणे हे तिचे एक मुख्य काम. छोट्या सेस्ना विमानात तिघे बसतात. वैमानिक फक्त विमान उडवतो. त्याच्या शेजारचा निरीक्षक रेडिओ आणि नोंदवही सांभाळतो. मागच्या आसनावरचा माणूस खिडकीतून जमीन न्याहाळत राहतो. भाचा त्या मागच्या आसनावरून निरीक्षकाच्या आसनावर नुकताच बढती मिळून आला होता, त्यामुळे उत्साहात होता. मी सहज म्हणून विचारले, की इतक्या उंचीवरून जमिनीवरचे रिपीटर तर फारच छान चालत असतील.

तो हसला. “मावशी, तोच तर घोळ आहे. वर गेल्यावर पहिलं काय शिकवतात, तर रिपीटरचं बटण दाबायच्या आधी दहा वेळा विचार करा.”

त्याने सांगितलेले मी माझ्या परीने नाशिकच्या नकाशावर मांडून पाहिले. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला साधारण चारने गुणले की लहर किती किलोमीटर पोचेल याचा अंदाज येतो. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातला संच सपाट मैदानातसुद्धा पाचएक किलोमीटरवर क्षितिजाला टेकतो. नऊशे मीटर उंचीवर तेच क्षितिज एकशेवीस किलोमीटरच्या पलीकडे जाते. तीन हजार मीटरवर ते सव्वादोनशे किलोमीटर होते. याचा अर्थ असा, की नाशिकच्या डोक्यावर तीन हजार मीटर उंचीवरच्या विमानात कोणी एफएमचे बटण दाबले, तर मुंबई, पुणे, धुळे, छत्रपती संभाजीनगर आणि सुरत ही सगळी एकाच वेळी त्याच्या टप्प्यात येतात. कंप्रता मोजक्या असल्यामुळे दूरदूरच्या रिपीटरांना त्याच त्या कंप्रता वाटून दिलेल्या असतात. जमिनीवर मध्ये डोंगर असतात, म्हणून ते एकमेकांना त्रास देत नाहीत. विमानाला मध्ये डोंगर नाही. ते एका रिपीटरला हाक मारते आणि तिघे-चौघे ‘ओ’ देतात. आपापल्या रिपीटरसाठी आवाजाखाली एक मंद सूर पाठवण्याची सोय असते. तो सूर जुळला नाही तर दूरचा रिपीटर बोलत नाही. पण विमानाची जोरकस लहर त्याच्या कानात शिरलेलीच असते. तेवढा वेळ त्याच्या पायथ्याशी एखादा दुबळा संच हाक मारत असेल, तर ती हाक तेथेच बुजते. दार उघडले नाही, तरी उंबऱ्यात कोणी उभे राहिल्यावर दुसऱ्याला आत येता येत नाही, तसे.

“आणि मुळात,” भाचा म्हणाला, “विमानाला रिपीटर लागतच नाही बऱ्याचदा. आपणच एवढे उंच असतो. थेट बोलायचं, कमी पॉवरवर बोलायचं, थोडक्यात बोलायचं. रिपीटर खालच्यांसाठी असतो.”

रिपीटर खालच्यांसाठी असतो. माझ्या वहीतल्या नोंदीवरचे हे भाष्य त्याने अजाणता केले होते. त्याला त्या रविवारची गोष्ट मी तोवर सांगितली नव्हती. मी विमानात नव्हते; पण त्या डोंगरात, त्या ढगांत, विमानाच्या जागी मीच होते. मला सगळे दिसत होते, सगळ्यांना माझे ऐकू येत होते, आणि नेमका याच कारणाने एक माणूस कोणालाच ऐकू आला नाही.

उंचावरून शोध घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. वरून न दिसणारे पुष्कळ असते, हेही तेच लोक आधी सांगतात. ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून एकटाच उडालेला विक्रमवीर वैमानिक स्टीव्ह फॉसेट परतला नाही. सिव्हिल एअर पेट्रोलच्या विमानांसह कित्येक विमानांनी हजारो चौरस मैल पालथे घातले. त्यात पूर्वी कधीतरी पडलेल्या, विस्मृतीत गेलेल्या विमानांचे अवशेष सापडले, पण फॉसेट सापडला नाही. वर्षभराने सिएरा नेवाडात पायी हिंडणाऱ्या एका माणसाला झुडपांत त्याची ओळखपत्रे मिळाली, आणि तेथून शोध विमानाच्या अवशेषांपर्यंत गेला. आपल्या डोंगरांनाही हे नवे नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री सिडनीहून रोमला निघालेले अलितालिया कंपनीचे विमान मुंबईला उतरण्याच्या बेतात असताना जुन्नरच्या डोंगरावर आदळले. त्यातली ९४ माणसे गेली. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली होती आणि त्याने विमान वेळेआधीच खाली आणले. पावसाळ्याची रात्र, खाली अंधारात सह्याद्री. उंचावरच्या माणसाला आपण कोठे आहोत हे पक्के ठाऊक असते, अशी आपली समजूत असते, त्याचीही असते.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तिने मात्र मला थोडा धीर दिला. ज्या डोंगराळ भागात रिपीटरच नाही, तेथे एक विमान मुद्दाम उंच चढते आणि घिरट्या घालत राहते. त्याला ‘हाय बर्ड’ म्हणतात. ते स्वतः काही शोधत नाही. खालची तुकडी बोलते ते निरीक्षक ऐकतो, लिहून घेतो आणि तळाला शब्दशः वाचून दाखवतो; तळाचे उत्तर तसेच खाली सांगतो. मग विचारतो, बरोबर? खालून ‘बरोबर’ आल्याशिवाय निरोप पोचला असे धरत नाहीत. “स्वतःचं काही घालायचं नाही,” भाचा म्हणाला. “सुधारूनसुद्धा सांगायचं नाही.”

अनुवाद शिकवताना मी ‘अनुवाद’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगते : अनु म्हणजे मागून, वाद म्हणजे बोलणे. आज आपण तो भाषांतराच्या अर्थाने वापरतो, पण शास्त्रग्रंथांतला मूळ अर्थ आधी म्हटलेले पुन्हा म्हणणे एवढाच. न्यायसूत्रांत अनुवाद आणि पुनरुक्त यांत भेद केला आहे : निष्प्रयोजन पुन्हा म्हणणे हा दोष, प्रयोजनाने पुन्हा म्हणणे तो अनुवाद. वर्षानुवर्षे ही व्याख्या मी फळ्यावर लिहीत आले. तिच्यात ऐकण्याचा उल्लेख नाही, हे मला कधी खटकले नव्हते. कारण जो पुन्हा म्हणतो त्याने आधी ऐकले आहे, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. आपल्या धंद्यात हे गृहीत फार क्वचित खरे असते. आपण, म्हणजे शिकवणारे, समीक्षा लिहिणारे, चर्चासत्रांत अध्यक्षस्थानी बसणारे, उंचावर असतो. आपला आवाज दूरवर जातो. आदिवासी साहित्यावर मी दोन निबंध वाचले आहेत, दोन्ही चांगले झाले असे लोक म्हणाले. ते वाचत असताना त्याच भागातला एक मुलगा माझ्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसत होता, आणि त्याचे एकही वाक्य मी पूर्ण ऐकले नव्हते. मी त्याला कधी गप्प बसवले नाही, रागावले नाही. मी फक्त बोलत होते, आणि जोरकस लहर होते. पुसले गेले त्याचा ओरखडाही उमटला नाही.

हे लिहून मी दोषमुक्त होते आहे, असे कोणी समजू नये. त्या विद्यार्थ्याकडे मी माफी मागितली, तेव्हा तो अवघडून म्हणाला, “मॅडम, चूक माझीपण हाये. तुम्ही नाव घेतलं नव्हतं. मी विचारायला पायजे होतं.” त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. पण खालून वर विचारणे आणि वरून खाली विचारणे यांना लागणारे बळ सारखे नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आता तो एका आश्रमशाळेत शिकवतो. त्याच्या वर्गाबाहेर मी एकदा काही वेळ उभी होते. प्रश्न विचारल्यावर तो पुष्कळ थांबतो. इतका, की माझ्यासारखीला अस्वस्थ व्हावे.

दर रविवारी रात्री आमच्या हौशी मंडळींची रेडिओवर हजेरी असते. महिन्यातून एकदा ती मी घेते. सगळ्यांची नावे झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, की मी विचारते, “आणखी कोणी आहे?” आणि बटण सोडून मनात वीसपर्यंत आकडे मोजते. पूर्वी मी तीनपर्यंत मोजत असे. बहुतेक वेळा शेपटीचा सुस्कारा येतो आणि मग काही नाही. मंडळी कंटाळतात, मला कळते. गेल्या पावसाळ्यात एकदा सतरा-अठराच्या सुमाराला खरखरीतून एक आवाज आला, तुटक, ओळखीचा नसलेला. वाक्य अर्धेच होते. वही समोर होती, पण मी आधी बटण दाबले आणि म्हटले, “कोण बोलतंय ते पुन्हा सांगा. आम्ही सगळे थांबलो आहोत.”